मामा दूध प्यायले तो दिवस

सहा वर्षांखालच्या प्रत्येक माणसाला अहोजाहो करणारा आणि त्यावरच्या झाडून सगळ्यांना अरेतुरे करणारा एकच गृहस्थ पोलादपुरात होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मुंबईच्या एका दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडरकी करून मामा गावी परतले ते दोन ठाम मतं घेऊन. माणसाचे निम्मे आजार त्याच्या नखांत राहतात, हे पहिलं. मोठी माणसं सुधारत नसतात, तेव्हा त्यांच्यावर साबण वाया घालवू नये, हे दुसरं. तलाठ्याला ते रस्त्यात "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारत, आणि शेजारच्या चार वर्षांच्या बाळूपुढे वाकून म्हणत, "बाळोबा, आपली नखं जरा दाखवता का?" बाळोबा दाखवत. तलाठी मनातल्या मनात चरफडत निघून जाई.

गावाला बायकामुलांचं केंद्र मंजूर झालं, पण जागा नव्हती. मामांनी कुणी मागायच्या आत आपला ओटा देऊन टाकला. मामींना ते कळलं, तेव्हा ओट्यावर वाळत घातलेली त्यांची फणसपोळी माडीवर पोचली होती. मी मॅट्रिक झालेली, म्हणून केंद्राची बाई मीच. सकाळी मुलं यायची, दुपारी त्यांच्या आया. शिकवायचं काम माझं असलं तरी हात धुण्याचं खातं मामांकडे होतं. पंधरा आकडे मोजेपर्यंत हात चोळायचे, असा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्या मुलांना आकडे पंधरापर्यंतच येत. सोळा कशाला हवेत, तोवर हात स्वच्छ झालेले असतात, असं मामांचं म्हणणं. शनिवारी ते नराणी घेऊन नखं काढायला बसत आणि हात जोडून प्रत्येक मुलाचे आभार मानत.

दुसऱ्या वर्षी मुलांसाठी दुधाच्या भुकटीचं पिंप आलं आणि आठवड्यात विहिरीवर बातमी पसरली, "त्या पिठात हाडं कुटून घातलीत गो! प्यालं की पोर मुकं होतं." बावीस मुलांची तीन झाली. वरून निरोप आला, महिनाअखेर बारा मुलं दिसली नाहीत तर केंद्र उठवू. मी घरोघर फिरले. बायका गोड बोलायच्या, बसायला पाट द्यायच्या, पोरं मात्र पाठवायच्या नाहीत.

मामांनी कुणाची समजूत घातली नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी ओट्याखाली, भर रस्त्यावर स्टूल मांडलं, माझ्याकडून तपेलंभर दूध कालवून घेतलं, सगळ्यांदेखत तीन तांबे रिचवले आणि जाहीर केलं, "संध्याकाळपर्यंत इथंच बसतो. मुका झालो की ओरडून सांगेन."

लोक हसले. मला मात्र हसू येईना. मामांना दूध सोसत नसे. ते जन्मभर बिनदुधाचा चहा पीत आले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला. मी हळूच म्हटलं, "मामा, आत या ना." ते दातावर दात दाबत म्हणाले, "गप. मी आत गेलो की केंद्र गेलं." आणि आपण मुके झालो नाही हे दाखवायला येणाऱ्याजाणाऱ्याशी अखंड बोलत राहिले. बोलणं तुटक होत चाललं होतं, एवढंच.

कुडपणहून माहेरपणाला आलेली सगुणा बऱ्याच वेळापासून बघत उभी होती. तिच्या कडेवरच्या पोरीचे हातपाय काटकीसारखे आणि पोट तेवढं वर आलेलं.

"मामानू, खरंच काय होत नाय?"

आता मामा ठोकून देतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मला होतंय. पोटात कळा येताहेत. मला दूध कधीच सोसलं नाही, गाईचंही नाही. पण मुका झालो का, ते तू सांग."

मामा पोरीकडे वळले. "ताई, आपण घेता का थोडं? नाही सोसलं तर दोघं मिळून सोडू."

पोरीने आईकडे पाहिलं. आईने तिला खाली उतरवलं. पोर अर्धा पेला प्यायली आणि मामांच्या पायाशी बसून राहिली. दिवस मावळेपर्यंत सगुणाही हलली नाही. तिन्हीसांजेला पोरीने स्पष्ट शब्दांत आणखी दूध मागितलं, तेव्हा मामा उठले आणि धोतर सावरत परसाकडे जे धावले, ते दोन दिवस अंथरुणाला खिळले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सहा मुलं होती. महिनाअखेर एकोणीस झाली.

काही वर्षांनी केंद्राला सडकेकडे स्वतःची इमारत मिळाली. उद्घाटनाला मामांना कुणी बोलावलं नाही. पाहुण्यांनाही ते अरेतुरे करतील, अशी भीती असावी. ते दुसऱ्या दिवशी एकटेच पाहून आले आणि म्हणाले, "टाकीची तोटी उंच आहे. मुलांचे हात पोचायचे नाहीत." मी अर्ज केला. त्याचं काही झालं नाही. तेव्हा मामांनी सावित्री नदीच्या पात्रातला एक सपाट दगड बैलगाडीतून नेला, तोटीखाली बसवला आणि वर उभं राहून तो डुगडुगत नाही ना, ते पाहिलं. मग पुन्हा ते तिकडे फिरकले नाहीत. मामी म्हणत, "जाऊन तरी या एकदा." मामा म्हणत, "कशाला? त्यांचं बरं चाललंय."

मी काम सोडून आणि मामा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी केंद्रात गेले होते. बाई नवीन होत्या. दगड मधोमध झिजला होता. कुणी बसवला, असं मी विचारलं.

"माहीत नाही हो. पण हा हलवू नका, असं आधीच्या बाई सांगून गेल्यात."

मला नाव सांगता आलं असतं. का कोण जाणे, मी नुसतीच मान हलवली.