कोसारा प्रोग्रामर झाली त्याची गोष्ट

कोसारानं काढलेलं बटण चांगलं ऐसपैस, गोलसर कोपऱ्यांचं असायचं. तिहोमिरच्या हातून ते वेबसाइटवर गेलं, की चौकोनी व्हायचं, अंग चोरायचं आणि वर्गाबाहेर उभं केल्यासारखं कडेला जाऊन बसायचं.

"अरे, हे मी काढलं होतं का?"

"जवळपास हेच."

"जवळपास? उद्या न्हाव्यानं केसांऐवजी जवळपासचा कान कापला तर चालेल?"

"कोसारा, तू म्हणतेस तसं होत नाही. कोडमध्ये बसत नाही ते."

सर्बियातल्या निश शहरातल्या त्या छोट्या कंपनीत ही खडाजंगी दर आठवड्याला ठरलेली. कंपनी बसच्या तिकिटांच्या वेबसाइट बनवायची. त्या कशा दिसाव्यात ते कोसारा चितारून द्यायची आणि तिहोमिर ते कोडमध्ये उतरवायचा. कोसारा सदतिसाची. आधी जॅमच्या बरण्यांची लेबलं आणि मग स्क्रीन, असं बारा वर्षं डिझाइन करत आलेली. तिहोमिर माणूस वाईट नव्हता, तिची कॉफीसुद्धा तिला हवी तशी कडक करून द्यायचा. पण 'होत नाही' म्हणताना तो एखाद्या मोठ्या सर्जनसारखा चेहरा करायचा, आणि तिथेच तिचं टाळकं फिरायचं.

ऑगस्टमध्ये तिहोमिर समुद्रावर गेला. कोसारानं सहज शोधून पाहिलं, बटणाचे कोपरे गोल करायला काय लागतं? एक ओळ लागत होती. एकच! तिनं ती ओळ घुसडली आणि बटण गोंडस झालं. नंतर पाच मिनिटं ती नुसती त्या बटणाकडे बघत बसली.

तिहोमिर उन्हानं लालबुंद होऊन परतला.

"हे कुणी केलं?"

"कोडमध्ये बसत नाही ना, म्हणून मी उभ्यानंच केलं."

तो आणखी लाल झाला, मग हसायलाच लागला. "खरं सांगू? मला गोल कोपरे आवडतच नाहीत."

कोसारानं त्याच आठवड्यात कोड शिकवणाऱ्या क्लासला नाव घातलं.

क्लास सहा महिन्यांचा, दर शनिवारी. वर्गात सगळ्यात वयस्कर तीच. रविवारी सकाळी ती वडिलांच्या घरी अभ्यासाला बसायची. रातोमिर कारखान्यात लेथवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. सप्टेंबर असल्यामुळे अंगणात आयवारसाठी, म्हणजे वर्षभराच्या मिरचीच्या चटणीसाठी, लाल मिरच्या भाजणं चाललेलं. एका हातानं मिरची सोलायची आणि दुसऱ्या हातानं वहीची पानं उलटायची. वहीचं पार आयवार झालं.

"चित्रं काढून पोट भरतं हे मला आत्ता कुठे पटत होतं," रातोमिर म्हणाले. "आता हे काय नवीन काढलंस?"

"बाबा, यंत्राला एकच काम पुन्हापुन्हा करायला सांगायचं, संपेपर्यंत."

"म्हणजे टोपलीत मिरची आहे तोवर सोलत राहा?"

"अगदी तेच!"

"मग तुझ्या आईनं माझ्याकडून चाळीस वर्षं हेच करून घेतलं की. ती कुठल्या क्लासला गेली होती?"

वसंतात क्लास संपला आणि कोसारा इंटरव्ह्यू देऊ लागली. पहिल्या ठिकाणी साहेबांनी कंपनीच्या वेबसाइटवर एक कोडं सोडवायला दिलं. ती म्हणाली, "करड्यावर करडी अक्षरं आहेत. वाचायची कशी?" साहेबांनी ती वेबसाइट स्वतः केली होती. दुसऱ्या ठिकाणी तिला वय विचारलं, तिसऱ्या ठिकाणी तर काहीच विचारलं नाही. घरी येऊन तिनं वही कपाटात टाकली आणि दोन दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिहोमिर स्वतःच मालकांकडे गेला. "हिला माझ्या हाताखाली द्या," तो म्हणाला. "निदान डिझाइनचं आणि कोडचं भांडण एकाच डोक्यात होईल. मला शांतता मिळेल."

शांतता तीन आठवडे टिकली.

चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, सर्बियातल्या सगळ्या बस व्रान्येला निघाल्या. खऱ्या नव्हे, वेबसाइटवरच्या. बेलग्रेड निवडा, व्रान्ये. पिरोत निवडा, व्रान्ये. फोन खणखणू लागले. पहिलाच कोसारानं उचलला. पलीकडे एक म्हातारी कडाडली.

"पोरी, मला पिरोतला जायचंय, बहिणीकडे! हे मेलं यंत्र सारखं व्रान्येला पाठवतंय!"

"आजी, जरा चूक झाली आहे..."

"जरा? व्रान्येत माझी सून राहते! मी मरेपर्यंत तिकडे जायची नाही!"

आदल्या रात्री वेबसाइटच्या कोडमध्ये केलेला बदल कोसाराचाच होता. तिहोमिर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, पण त्यानं कीबोर्डला बोट लावलं नाही.

"तूच शोध."

"माझ्यानं नाही होणार."

"होईल. हळू वाच. तुझ्या डिझाइनमधली रेघ मी एका केसानं सरकवली तरी तुला दिसायची ना? तशीच बघ."

तिनं ओळ न् ओळ डोळ्यांखालून घातली, आणि दिसलं. बरोबरच्या, म्हणजे '=' अशा, दोन खुणा हव्यात तिथे तिनं एकच टाकली होती. 'व्रान्येला जायचंय का?' असं विचारायच्या जागी यंत्रानं 'व्रान्येलाच पाठव' असा हुकूम घेतला होता. तिनं दुसरी खूण घातली आणि बस आपापल्या गावी निघाल्या.

म्हातारी अजून फोनवरच होती. तिकीट मिळालं तशी आवाजात गोडवा आला. "हिरवा रंग सुरेख आहे हो. पण अक्षरं मुंगीएवढी. कुणी शहाण्यानं काढलीत?"

ती अक्षरं कोसारानंच काढली होती. नाजूक दिसतात म्हणून मोठी करायला दोन वर्षं नकार दिला होता.

"आहे एक शहाणी," ती म्हणाली. "आजी, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा."

कुणाला चिठ्ठी नाही, कुणाची मनधरणी नाही. तिनंच अक्षरं वाढवली, त्यांच्या मापानं बटण रुंद केलं आणि तिथल्या तिथे वेबसाइटवर चढवलं. पलीकडून म्हातारीचं "हं!" ऐकू आलं. बारा वर्षांत तिच्या कामाला इतक्या लवकर दाद कुणी दिली नव्हती.

डिसेंबरात घराण्याच्या संताचा दिवस आला. रातोमिरांच्या घरी माशाचं सूप, फळांची दारू राकिया आणि झाडून सगळे नातेवाईक जमले. "माझी कोसारा प्रोग्रामर आहे," रातोमिर दारातच प्रत्येकाला सांगत होते. तेवढ्यात येलिसावेता आत्या आली. एका हातात केक, काखेत भलामोठा प्रिंटर.

"कागद अडकतो गं याचा," ती म्हणाली. "तू आता त्यातलीच झालीस ना?"

"आत्या, माझा याच्याशी काही संबंध नाही."

"बघ तर जरा!"

कोसारानं वडिलांकडे पाहिलं. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन केव्हाचे तयार उभे होते.