मागची कोरी पानं

परवा मला शाल आणि नारळ मिळाला. निवेदिकेनं माईकवरून जाहीर केलं, "आपल्या सर्वांत जुन्या वाचक!" मी उठले, शाल घेतली, फोटो झाला, परत जागेवर येऊन बसले. वाचक म्हणे. इतकी वर्षं लिहिलं, आणि शेवटी वाचक.

कार्यक्रम एका वेबसाइटच्या वाढदिवसाचा होता. साइट रहस्यकथांची आहे. एके काळी स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर दर महिन्याला एका गुप्तहेराची नवी कादंबरी यायची, पातळ कागदाची, भडक मुखपृष्ठाची. घरातली मोठी माणसं त्या पुस्तकांना नाकं मुरडायची, आणि आम्ही काही जण त्यांच्यावर जीव टाकायचो. नागपुरातल्या अशा वेड्या चाहत्यांनी मिळून एक अंक काढला होता. ही साइट त्या अंकाची, निदान तिथल्या फलकावर तरी तसं लिहिलं होतं.

अंक काढायचे ते आमचे संपादक. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. कंपनीच्या बसमधून घरी आले की जेवून टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायला बसायचे. ओळखीच्या एका युनियन ऑफिसात सायक्लोस्टाइल यंत्र होतं, त्यावर मोजक्या प्रती निघायच्या. बोटांना शाई लागायची, ती दोन दिवस जायची नाही. लेख त्यांचे आणि त्यांच्या दोन-तीन मित्रांचे असायचे, आणि खरं सांगायचं तर फार भारदस्त. 'गुप्तहेराच्या व्यक्तिमत्त्वातील करुणा' असली शीर्षकं. मी ते लेख वाचायची आणि जांभया द्यायची.

अंकाची मजा मागच्या पानांत होती. प्रत्येक प्रतीला संपादक शेवटी काही कोरी पानं टाचायचे. प्रत एकाकडून दुसऱ्याकडे पाळीनं फिरायची. ज्याच्याकडे आली त्यानं वाचायची, मागच्या पानावर जे म्हणायचं ते लिहायचं आणि पुढच्याला द्यायची. कादंबरीतल्या चुका काढायच्या, आधीच्यानं लिहिलेलं खोडून काढायचं, चिडवायचं. फेरी पुरी झाली की प्रत संपादकांच्या लोखंडी कपाटात जायची. त्यातलं निवडक ते पुढच्या अंकात छापायचे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे फोन जोडून द्यायची. यजमानांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. घर, नोकरी, पोरं यांतून लेख लिहायला कुठून सवड काढणार? पण मागच्या पानावर चार ओळी लिहायला काय लागतं! पेन्सिल आणि थोडा आगाऊपणा. आगाऊपणा माझ्याकडे भरपूर होता.

माझ्यानंतर पाळी खाप्याची. नागपूरजवळच्या खापा गावात एका गृहस्थांचं औषधाचं दुकान होतं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. खाप्याचा एक व्यापारी माल न्यायला आमच्या दुकानात यायचा, मी अंक त्याच्या गठ्ठ्यात ठेवून द्यायची. विष म्हटलं की या गृहस्थांना कंठ फुटायचा. 'हे विष इतक्या लवकर काम करत नाही, लेखकानं आमच्या दुकानात येऊन बसावं,' असं ते लिहायचे. मी लिहायची, 'तुमच्या दुकानात कोण येऊन बसेल, तुम्ही विषाबद्दल फारच प्रेमानं बोलता.' पुढच्या अंकात त्याचं उत्तर छापून यायचं. त्या पानांवर मी जितकी हसले तितकी घरातही हसले नसेन. हे लिहायला आता कसली लाज?

मग एका कादंबरीवरून आमची जुंपली. त्यात खुनी म्हणतो, खून झाला तेव्हा मी मुंबईहून ट्रंक कॉलवर बोलत होतो. गुप्तहेर बिचारा डोकं फोडून घेतो. मी लिहिलं, 'एवढी शोधाशोध कशाला? मध्ये ऑपरेटर बसलेली होती ना. तिनं सगळं ऐकलं असणार. लेखक तिला विसरला.' खाप्याहून उत्तर आलं की ऑपरेटर फक्त लाइन जोडून देते, ऐकत नाही. मी हसून हसून बेजार झाले. आणि मग पानभर लिहिलं. ऑपरेटर काय काय ऐकते, कुणाच्या घरात कोण कुणाशी कसं बोलतं, नुसत्या श्वासावरून खोटं कसं ओळखू येतं. आयुष्यात मी एवढं लांब आणि एवढं खरं दुसरं काही लिहिलेलं नाही. अंक त्या व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवला आणि उत्तराची वाट बघत बसले.

पुढचा अंक निघालाच नाही.

संपादकांच्या ओळखीच्या एकानं बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटर क्लास काढला होता. त्यानं संपादकांना इंटरनेट दाखवलं आणि आमच्या संपादकांचा पाय जमिनीवर ठरेना. आमच्या दुकानात येऊन मला म्हणाले, "वहिनी, आता कायले शाई अन् स्टेन्सिल? आपला अंक अमेरिकेत वाचून राहिले लोकं!"

"अन् मागची पानं?" मी विचारलं.

"त्याची सोय हाय ना तिथं. गेस्टबुक म्हणतात त्याले. कोणीबी लिहू शकते."

मी क्लासात जाऊन ते गेस्टबुक पाहिलं. आधी पडद्यावर नुसती किडामुंगीची अक्षरं, कारण मराठी दिसायला त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. तो उतरवल्यावर दिसलं, 'छान साइट.' त्याखाली, 'खूप छान साइट.' त्याखाली कुणी परदेशातून लिहिलं होतं, 'जुने दिवस आठवले.' कुणी कुणाशी भांडत नव्हतं. सगळे येऊन हजेरी लावून जात होते. खाप्याच्या औषधाच्या दुकानात तर इंटरनेटचा पत्ताच नव्हता. मी तिथे लिहिलं, 'मागची पानं कधी टाकणार?' आणि घरी आले.

उत्तर आलं नाही, तेव्हा मी ठरवलं, आपणच शिकू आणि आपणच टाकू. त्याच क्लासात नाव घातलं. पोरांच्या वयाच्या मुलांमध्ये बसून कळा बडवायला शिकले. एक दिवस क्लासवाल्यानं सरावासाठी छापलेले कागद वाटले. माझा कागद हाती आला तो सायक्लोस्टाइलचा खरबरीत कागद. उलटून बघते तर पेन्सिलीचं अक्षर, खाप्याचं. माझ्याच त्या पानाला उत्तर.

'ताई, मानलं तुमाले. ऑपरेटर ऐकते. तुमचं पान मी घरच्यांले वाचून दाखवलं. पण मंग मले एवढंच सांगा, तिनं सारं ऐकलं होतं तर ती बोलली काहून नाही?'

मी कागद घेऊन उठले. क्लासवाल्याला विचारलं, हे कुठून आलं? तो अगदी सहज सांगू लागला. लेख टाइप करायला प्रती उसवल्या, लेखांची पानं फाइलला लावली, मागचे हे पाठकोरे निघाले, छपाईच्या सरावाला बरे पडतात.

"बाकीचे कुठे आहेत?"

"संपले ना ताई. पोरं तर रोज छापतात. काहून, त्याच्यात काही महत्त्वाचं होतं काय? नुसती टवाळी होती, मी पाहिलं ना."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुलं टंकलेखन थांबवून बघत राहिली. संपादकांकडे गेले तर ते म्हणाले, "वहिनी, लेख तर सारे वाचले ना आपले!" आपले! त्यांचे वाचले. त्यांना माझा राग कळला नाही, शेवटपर्यंत कळला नाही, आणि भला माणूस होता म्हणून मला तो नीट करताही आला नाही. क्लास मात्र मी त्याच दिवशी सोडला.

खाप्याला उत्तर पाठवता आलं असतं, असं कुणी म्हणेल. अंकात लिहिणं चारचौघांतलं असतं. परक्या पुरुषासाठी यजमानांच्या गिऱ्हाइकाच्या हाती चिठ्ठी देणं गांधीबागेत त्या काळी कुणाला जमलं असतं, त्यानं मला सांगावं. मी पुढच्या अंकाची वाट बघत राहिले. काही वर्षांनी तोच व्यापारी पंचा-टॉवेल बघता बघता बोलून गेला की औषधवाले गेले. मी त्याला चहा मागवला आणि आत जाऊन बसले.

आणि परवाचा तो कार्यक्रम. मंचावर संपादकांचा फोटो, त्याला हार. क्लासवाला आता मोठा माणूस आहे, केस पिकलेत, भाषण छान करतो. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या चाहत्यांनी लिहिलेली एक ओळही आम्ही वाया जाऊ दिली नाही." टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, तर बघू दे. नंतर चहाच्या वेळी मी त्याला मागच्या पानांची आठवण करून दिली. तो मोकळेपणी हसला आणि म्हणाला, "ताई, तुमी अजून तिथंच अडकून राहिल्या?" आणि फोटोला बोलावलं म्हणून निघून गेला.

सगळ्यांना एक स्मरणिका दिली. साइटवरचं निवडक, पुन्हा कागदावर, गुळगुळीत कागदावर. घरी येऊन चाळली. करुणेचा तो लेख आहे. गेस्टबुकही छापलं आहे, आणि त्यात माझी ओळ सापडली: 'मागची पानं कधी टाकणार?' तिच्याखाली नंतर कधीतरी टाकलेलं साइटचं ठरलेलं उत्तर: 'भेटीबद्दल धन्यवाद. पुन्हा या.'

छपाईचा सोळा पानांचा फर्मा पुरा करायला छापखान्यानं शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत. कपाटातून तो सरावाचा कागद काढला. त्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला. मग पेन्सिलीला टोक केलं आणि स्मरणिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर उत्तर लिहिलं, 'तिला कुणी विचारलंच नाही.' थोडं थांबून खाली आणखी लिहिलं, 'तुम्ही विचारलंत. पण ते माझ्यापर्यंत उलट्या बाजूनं आलं, आणि फार उशिरा.'

लिहून झाल्यावर सवयीनं स्मरणिका मिटली आणि पुढे द्यायला दाराशी ठेवली. माझ्यानंतर पाळी खाप्याची.