वडिलांच्या आडनावाचं बाळ

माझ्या मुलाचं नाव म्हणजे माझ्या वडिलांचं आडनाव. ही कल्पना आयर्लंडमध्ये सँट्रीला आम्ही राहतो तिथल्या शेजारणीची. तिचं स्वतःचं नाव हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव आहे आणि इकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही दोघी बहिणीच. दोघींची लग्नं होऊन आडनावं बदलली तेव्हा वडील म्हणाले होते, "चला, माझ्यानंतर दारावरची पाटी उतरवा." हसत म्हणाले, पण मला ते फार लागलं.

२०२०च्या दिवाळीआधी मुलगा झाला आणि मी नाव जाहीर केलं. नवरा म्हणाला, "ग्रँड." इकडे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात आणि आल्यापासून तो सगळ्यालाच ग्रँड म्हणतो. मी संमती समजले.

बारसं व्हिडिओवर. आत्याने कानात नाव सांगायचं आणि आत्या पुण्यात, म्हणून फोन बाळाच्या कानाला लावला. नणंद रीतसर कुजबुजली. काहीच ऐकू आलं नाही. मग ती ओरडली आणि तिच्या सोसायटीच्या वॉचमनलाही नाव कळलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. "अगं, व्याह्यांना मी याच आडनावाने हाक मारते. आता याला काय म्हणू? चड्डी घाल रे, असं?"

मुद्दा बिनतोड होता. शेजारच्या चौकोनात वडील चष्मा पुसत बसले होते. "नेटवर्क खराब आहे," म्हणाले. आम्हाला ते अगदी स्वच्छ दिसत होते.

त्यानंतर सासूबाईंनी बाळाला सोन्या म्हटलं, पिल्लू म्हटलं, ठोंब्यासुद्धा म्हटलं. नाव एकदाही घेतलं नाही. मी चिडायचे, आणि चिडलेय हे त्यांना दिसेल अशी व्यवस्थाही करायचे. वडील मात्र रोज फोन करून नातवाला स्वतःच्याच आडनावाने हाका मारायचे.

पुढच्या एप्रिलमध्ये करोनाने वडील गेले. मला जाता आलं नाही. बहिणीने जे दाखवता येईल ते फोनवर दाखवलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. बाळाला समोर घे म्हणाल्या. बाळ चमचा चावत होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि वडिलांना हाक मारायच्या तशीच, अहो लावून, त्या आडनावाने त्याला हाक मारली.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

बाळ चमचा चावत राहिलं. ओ मी दिली.