तीस सेकंदांची सायकल

"पाय मार! सगळं आत्ताच काढ, मागे काही ठेवू नकोस!"

प्रयोगशाळेतल्या मॅडम अशा ओरडत होत्या की अंधेरीत उतरणारी विमानं घाबरून परत फिरली असतील. मी सायकलवर. सायकल जागेवरची, आणि चाकाला वजन असं लावलेलं की भांडुपची अख्खी टेकडी बांधलीय म्हणा. श्वासाची वाट न बघता शरीर तीस सेकंदांत किती जोर काढतं, ते म्हणे यावरून कळतं.

त्या आकड्यावर माझी नोकरी अडकली होती. एका कंपनीला आपल्या कबड्डी संघात चढाई करणारा हवा होता. जागा एकच, आणि तिथले साहेब समोर खुर्ची टाकून बसलेले.

आता चढाईही तीस सेकंदांचीच. आमच्या मंडळाच्या मास्तरांनी लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, की जोर राखून ठेवायचा, तो मधली रेषा गाठायला लागतो. आधीच उधळलास तर समोरचे सात जण तुझी चादरीसारखी घडी घालतील. म्हणून मी आधी तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणत, अंदाज घेत, रमतगमत पाय मारले. शेवटी मात्र असा सुटलो की सायकल घाटकोपरला पोचायचीच. खालचे बोल्ट आडवे आले.

मॅडमनी आलेख पाहिला. म्हणाल्या, सगळ्यांची रेघ वर जाऊन खाली येते, याची खालून वर गेलीय. एक तर मशीन बिघडलंय, नाहीतर हा टंगळमंगळ करतोय. मशीन परदेशी होतं, त्यामुळे संशय माझ्यावर आला.

साहेब घड्याळ बघायला लागले. माझ्यासोबत आलेल्या मास्तरांनी गयावया करून अजून एक संधी मिळवली. मी जरा दम खाल्ल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मी शिकवलेलं विसर. फक्त आजच्या दिवस."

विसरलो ना. सुरुवातीलाच असा पेटलो की छताचा बंद पंखा माझ्या वाऱ्यावर फिरायला लागला. मग मांड्यांत कुणीतरी सिमेंट ओतलं. वेळ संपल्यावर मला सायकलवरून सोलून काढावं लागलं. जमिनीवर बादलीला मिठी मारली आणि सकाळचे पोहे परत केले.

मॅडम आलेखावर फिदा. इतकी देखणी घसरण त्यांनी फक्त पुस्तकात पाहिली होती. साहेब उठले, मास्तरांशी हात मिळवला. "झकास. घेतला याला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं अजून बादलीत होतं.

"घ्या," ते म्हणाले. "पण चढाईला दुसरा कुणीतरी बघा."