एकसष्ट पुड्या

डेंटिस्टने माझ्या तोंडात कापूस कोंबून ठेवला होता, तेव्हा माझ्यावर चोरीचा आरोप झाला. रायपूरच्या समता कॉलनीतलं क्लिनिक, खालच्या दाढेचं रूट कॅनल. मांडीवरचा फोन थरथरला. मेल होता. सब्जेक्ट लाइन सगळी कॅपिटल अक्षरांत. आमचे डायरेक्टर रागावले की कॅपिटलमध्ये लिहायचे, आणि ते बहुतेक वेळ रागावलेलेच असायचे.

पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात धानाच्या, म्हणजे भाताच्या, बियाण्याचा प्लांट आहे. तिथे मी क्वालिटी इन्चार्ज होते. त्याआधी सव्वीस वर्षं रायपूरच्या राइस मिलमध्ये काढली. डायरेक्टर मूळचे भारतातलेच, तिकडे स्थायिक झालेले. त्यांचं नाव सांगत नाही. ते अजून धंद्यात आहेत आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. मी सहा आठवड्यांच्या रजेवर घरी आले होते आणि त्यातला तिसरा आठवडा चालू होता.

मेलसोबत कॅमेऱ्याच्या अकरा क्लिप होत्या. प्रत्येकीत मीच. ड्रायरच्या तोंडाशी जाते, मूठभर धान घेते, दोन दाणे तोंडात टाकते, उरलेले एप्रनच्या खिशात घालते आणि चालायला लागते. बाराव्या अटॅचमेंटमध्ये फोटो होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या कागदाच्या पुड्या. खाली लिहिलं होतं, चोरलेल्या बियाण्याच्या एकसष्ट पुड्या.

डॉक्टरने विचारलं, "दीदी, दुखून राहिलं का?"

मी मान हलवली. दाढ दुखत नव्हती.

आधी हे दाणे चावण्याचं प्रकरण सांगते. धान किती वाळलं हे मोजायला मीटर असतं. पण रायपूरच्या मिलमध्ये वाढलेला माणूस मीटरवर सगळा भरवसा ठेवत नाही. दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळला, चेपला तर ओला. उरलेली मूठ फेकायची नाही, पुडी बांधून ठेवायची. पुढे कोणी म्हणालं की तुमचा माल असा कसा, तर दाखवायला काहीतरी हातात असावं. माझी दाढ या सवयीपायीच गेली होती.

पुडीसाठी मी काट्याची स्लिप वापरायचे. शेतकऱ्यांचे ट्रक आत येताना वजन होतं आणि तीन स्लिपा छापून निघतात. तिसरी कोणालाच लागत नाही. तिच्यावर तारीख, वेळ, ट्रक नंबर मशीनने छापलेला असतो. त्या मालाची पुडी त्याच स्लिपमध्ये, असा माझा नियम. रोज एक लॉट निघायचा, रोज एक पुडी त्या बिस्किटांच्या डब्यात जायची. पण सॅम्पलच्या रजिस्टरमध्ये मी हे कधी लिहिलं नाही. जन्माची सवय कोण लिहून ठेवतं?

आता आरोप. तिथल्या शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था आमचं बियाणं विकत घ्यायची. त्यांनी उगवण तपासली, तर निम्मी पोती उगवलीच नाहीत. पोत्यांवर लॉट नंबर नव्हते. लावा म्हणून मी निघताना सांगून आले होते, ते कोणी लावले नाहीत. त्यामुळे कुठलं पोतं कधीचं हे सांगता येत नव्हतं. डायरेक्टरांनी संस्थेला कळवलं की क्वालिटी इन्चार्जने चांगलं बियाणं खिशातून बाहेर नेलं आणि साधं धान मिसळलं.

मेलला कबुलीचं पत्र जोडलेलं होतं. त्यावर सही करून पाठवायची. शेवटची ओळ अशी होती, पत्र येईपर्यंत रामाधार साहूचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसमध्येच राहील.

रामाधार साहू आमचा ड्रायर ऑपरेटर. वय पन्नास, रायपूरजवळच्या अभनपूरचा. त्याला तिकडे मीच नेलं होतं. त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि तिकीट निघालेलं होतं.

तेलीबांध्याला घरी पोचले तर मिस्टर वाट बघत बसले होते. त्यांना मेल दाखवला. ते रेल्वेत आहेत. कागद पुढे आला की सही करून मोकळं व्हायचं, असा त्यांचा स्वभाव.

"देऊन टाक ना सही. तुले काय परत जायचं आहे तिकडे?"

"मी चोरी नाही केली."

"हे मले माहीत आहे, तुले माहीत आहे. पण साहू अडकून राहिला ना तिकडे."

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "मम्मी, साइन मत करना! जिंदगीभर कोई काम नहीं देगा."

दोघंही बरोबर होते. सही केली तर या लाइनमधलं माझं नाव संपलं. नाही केली तर एका माणसाला मी परक्या देशात अडकवून ठेवलं. त्यातच संध्याकाळी साहूच्या बायकोचा फोन आला. "दीदी, लइका के ददा कब आही?" पोरांचे बाबा कधी येणार, एवढंच तिला हवं होतं. लवकर येतील, असं मी सांगितलं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. चोरीच्या आरोपाने इतकी वाटली नव्हती.

मग साहूला फोन केला. तो आधी नुसतंच हव दीदी, हव दीदी करत राहिला.

"साहू, मी निघाल्यावर ड्रायर कितीवर चालला?"

त्याने आवाज खाली आणला.

"साठ पे, दीदी."

इथे दुसरी गोष्ट सांगायला हवी. बियाणं जिवंत असतं. ड्रायरची हवा चाळीस अंशांच्या आसपास ठेवली तर ते वाळतं आणि जगतं. साठवर ते लवकर वाळतं, पण आतला कोंब मरतो. दिसायला दाणा तसाच राहतो. खायला चालेल, पेरायला नाही.

"ट्रक की लाइन लगी थी," साहू सांगू लागला. "साहब बोले, साठ पे कर. मैं बोला, दीदी को पूछ लूँ. बोले, मालिक दीदी है कि मैं?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"बटन तो मैंने घुमाया न, दीदी."

मला त्याचा राग आला. मग कळलं की मी नुसती सुटून भागणार नाही. मी सुटले की ज्याने बटण फिरवलं तो अडकणार, आणि पासपोर्ट त्याचाच अडकलेला होता.

"पुड्या?" मी विचारलं.

"रोज बाँधा, दीदी. जैसा आप बोले थे. उसी डब्बे में."

मी हिशेब केला. माझ्या बेचाळीस, त्याच्या एकोणीस. डायरेक्टरांनी माझ्या चोरीच्या म्हणून ज्या एकसष्ट मोजल्या, त्यातल्या एकोणीस मी रायपुरात असताना बांधलेल्या होत्या. तारखा त्यांच्याच काट्याने छापलेल्या. पुरावा म्हणून तो डबा सील करून संस्थेकडे पाठवल्याचंही त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं. त्या तारखा कोणी वाचल्या नसाव्यात, पुड्या उघडणं तर दूरच.

त्या दिवशी मी डायरेक्टरांना उत्तर दिलं नाही. रागात लिहिलेला मेल आपल्याच अंगावर येतो, हे मला आधीच्या अनुभवाने माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या क्वालिटी ऑफिसर ग्रेस मॅडमना लिहिलं. एक प्रत डायरेक्टरांना आणि एक आपल्या दूतावासाला, पासपोर्टच्या तक्रारीसह. मेल लहान ठेवला. व्हिडिओतली बाई मीच आहे. धान मी खिशात घातलं, हे खरं आहे. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही, ही माझी चूक आहे. चोरी म्हणण्याआधी सगळ्या पुड्या तारखेप्रमाणे लावा, उघडा आणि भिजवा.

मिस्टरांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, तू तर कबूलच करून राहिली!"

"जेवढं केलं तेवढंच कबूल केलं."

डायरेक्टरांचा फोन तासाभरात आला.

"आप बीच में बायर को क्यों लाईं?"

"डब्बा आपने भेजा था, सर. मैंने तो बस खोलने को कहा."

"आपको पता है, मैं क्या कर सकता हूँ?"

"पता है. पासपोर्ट रख सकते हैं. वो भी मैंने लिख दिया है."

फोन कट झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

उगवण तपासायला ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवतात आणि थांबतात. पहिली मोजणी पाचव्या दिवशी होते. ते पाच दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. दाढेत तात्पुरतं सिमेंट होतं, तेवढं निमित्त पुरलं.

सहाव्या दिवशी ग्रेस मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. लांब टेबलावर कागद उलगडून ठेवले होते. डावीकडून बेचाळीस कागदांवर पांढरे कोंब दाटीने फुटले होते. त्यानंतर एकदम काही नाही. एकोणीस कागद कोरड्या पडलेल्या शेतासारखे. कोंब थांबले ती तारीख मी विमानात बसल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

मॅडम म्हणाल्या, तुमचं मला समजलं. पण ऑपरेटरने असं का केलं?

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी एक स्लिप उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली. मागे पेनने काहीतरी लिहिलं होतं. या एकोणीसही स्लिपांवर एकच मजकूर आहे, त्या म्हणाल्या, मला ही लिपी वाचता येत नाही.

साहूचं अक्षर मी लगेच ओळखलं. पुडीवर ड्रायरचं तापमान लिहायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. तेवढंच शिकवलं होतं. त्याने लिहिलं होतं, "६० – साहब बोले."

मी ते इंग्रजीत वाचून दाखवलं. मॅडमनी पुढची स्लिप धरली. "६० – साहब बोले." एकोणीस वेळा.

दोन दिवसांनी साहूला पासपोर्ट मिळाला. दूतावासामुळे की संस्थेमुळे, ते मला नक्की कळलं नाही. डायरेक्टरांचा एका ओळीचा मेल आला, विषय संपला आहे. या वेळी अक्षरं साधी होती. माफी नव्हती. मी राजीनामा पाठवला, त्यालाही उत्तर आलं नाही.

साहू अभनपूरहून भेटायला आला तेव्हा मी विचारलं, "साहब बोले हे लिहायचं तुले कोणी सांगितलं होतं?"

"कोनो नहीं, दीदी," तो लाजून म्हणाला. "अपनी अक्कल से तो मैं चालीस के ऊपर कभी नहीं करता न."

आता मी अभनपूरच्याच एका मिलमध्ये आहे. पुड्या अजून बांधते. फक्त आधी रजिस्टरमध्ये लिहिते, कोण काय बोललं तेही लिहिते, मग दाणा तोंडात टाकते. दुसऱ्या बाजूच्या दाढेखाली.