फक्त वजन केलेली मुलं

किंग्स्टनमधल्या आमच्या आवारात चार बिऱ्हाडं होती. नळ एकच, चुली चार, आणि मुलं सगळ्यांची. मिस आयसी पलीकडच्या गल्लीत राहायची, पण तिला ओळखत नाही असं घर नव्हतं. तरुणपणी तिने दुसऱ्यांच्या घरचे कपडे धुतले, मग दवाखान्याचं छोटं प्रशिक्षण घेऊन ती बाळांची वजनं करू लागली. लोक तिला नर्स म्हणायचे. "नर्स नाही गं, नर्सची सावली," असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी स्वतःच हसायची.

मी तिसरीत असताना विद्यापीठातल्या डॉक्टर लिंडो बाईंनी तिला आपल्या कामात घेतलं. त्यांना एक गोष्ट शोधायची होती. कमी वजनाच्या मुलांना नुसतं दूध दिलं, आणि दुधाबरोबर त्यांच्याशी रोज कुणी खेळलं, तर दोन्हींत फरक पडतो का? म्हणून काही मुलांच्या घरी मिस आयसी दर गुरुवारी जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवणार होती. बाकीच्यांना फक्त दूध आणि वजन. कोण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वजनाच्या मुलांपर्यंत खेळ पोचता कामा नये, नाहीतर तुलना कशाशी करायची?

शेजारच्या क्लॉवेटच्या शनीकला खेळ मिळाला. माझ्या धाकट्या भावाला, कदीमला, वजन. आमच्या खोलीचा पत्ता मागच्या गल्लीचा होता, त्यामुळे कागदावर आम्ही लांबलांबची दोन घरं होतो. आवारात आमच्या दारांमध्ये फक्त एक कपडे वाळत घालायची दोरी होती.

पहिल्या गुरुवारी मिस आयसीने क्लॉवेटच्या खोलीत पिशवी रिकामी केली. बाटल्यांची झाकणं, दुधाचे खोके, जुन्या मोज्याची बाहुली.

"देवा रे! आमच्याकडे कचरा कमी पडला म्हणून आणलात का, मिस आयसी?" क्लॉवेट म्हणाली.

"हसून घे. मग हे मुलीपुढे ठेव आणि जरा तोंड चालव."

"तोंड तर माझं दिवसभर चालतं."

"ते नवऱ्यावर. आता मुलीशी चालव."

झाकणांचा खुळखुळाट ऐकून कदीम डुलत डुलत आत आला. त्याला बघून मिस आयसीचा हात थांबला. आठच दिवसांपूर्वी तिने त्याचं वजन केलं होतं. तिने त्याला उचललं, नळावर कपडे धुणाऱ्या आईच्या हातात दिलं, परत गेली आणि दार लावून घेतलं.

आमच्या आवारात दिवसाढवळ्या दार लागलं, तर घरात कुणीतरी गेलेलं असायचं, नाहीतर शेजाऱ्याशी कायमचं वाजलेलं असायचं. तिसरं कारण कुणाला माहीत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा आई उभीच होती. "आयसी, माझ्या पोराला काय लागण झालीय?"

"नाही गं, डोरेट."

"मग दार का लावलंस?"

"विद्यापीठाचा नियम आहे."

"विद्यापीठाला सांग, दार लावायचं तर स्वतःच्या घराचं लाव!"

पुढचे कितीतरी गुरुवार कदीम त्या दाराशी बसून तळव्याने थापा मारायचा. आतून क्लॉवेट शनीकसाठी गाणं म्हणायची. बाहेर हा सूर धरायचा, शब्दांशिवाय. आईने मिस आयसीशी बोलणं टाकलं. वजनाच्या दिवशी मुलगा हातात द्यायचा, परत घ्यायचा, बस. क्लॉवेटही रडकुंडीला आली. "मला लाज वाटते हो. डोरेटताईने भाजलेला नीरफणस मी खाते आणि तिच्या पोराला बाहेर ठेवते."

शेवटी मिस आयसी डॉक्टरबाईंकडे गेली. तिथे काय झालं ते तिने मला खूप वर्षांनी सांगितलं.

"एक तर त्या मुलाला यातून काढा, नाहीतर मला."

"तुम्ही दार उघडलंत का?"

"अजून नाही. पुढच्या गुरुवारी उघडेन, म्हणून आधी सांगायला आले."

डॉक्टरबाईंनी यादी पुढे ओढली. "काढते. पण मग त्याचं दूध बंद होईल."

"दुधाचं आवार बघून घेईल."

"आणि बाकीची? ज्यांचं तुम्ही नुसतं वजन करता, त्यांनाही काढू? आयसी, त्यांच्याशी कुणी खेळलं नाही, हे आपल्याला नक्की माहीत असलं पाहिजे. नाहीतर कुठलंही सरकार म्हणेल, ही मुलं आपोआपच सुधारली असती."

कदीम सुटला, बाकीची राहिली.

त्यानंतरचे गुरुवार आठवले की अजून मला त्या खोलीतला साबणाचा आणि मक्याच्या पेजेचा वास येतो. दार सताड उघडं, शनीक आणि कदीम एकाच खोक्यासाठी भांडतायत, आई डबाभर घट्ट दूध पातळ करतेय. पहिल्या दिवशी तिने मिस आयसीपुढे तळलेल्या डंपलिंगची बशी आदळली. "खा. यालाही नियम असेल तर आत्ताच सांग."

काम संपलं, आकडे बाहेर आले. खेळ मिळालेली मुलं बोलण्यात, समजण्यात पुढे होती, आणि शाळेतही ती पुढेच राहिली. मग लांबलांबच्या देशांतले अधिकारी विचारायला आले. मिस आयसीला जमिनीवर बसवून त्यांनी चित्रण केलं. कुठल्या कुठल्या डोंगरांत बायका तशाच पिशव्या घेऊन घरोघर जाऊ लागल्या. "आमचा कचरा परदेशी गेला!" क्लॉवेट सगळ्यांना सांगत सुटली. आमच्या सरकारनेही दवाखान्यांतून हे काम सुरू केलं. त्याची संगणकाची बाजू आता मी सांभाळते. कदीम फ्रिज दुरुस्त करतो आणि "मी कुठल्याच आकड्यात सापडणार नाही," अशी फुशारकी मारतो.

मिस आयसीने मात्र फुशारकी कधी मारली नाही. कुणी कौतुक केलं की ती वजनाच्या मुलांची नावं घ्यायची. गेल्या वर्षी, निवृत्त झालेली असूनही, ती नव्या मुलींना शिकवायला आली. एका भेटीला मी बरोबर होते. घर टशोयाचं, मांडीवर तिचं पहिलं बाळ.

"आई सांगते, तुम्ही माझ्याकडेही यायचात," टशोया म्हणाली. "माझ्याशी काय खेळायचात?"

मिस आयसी गुडघे सांभाळत जमिनीवर बसली. "काही नाही, बाळा. वजन करून निघून जायचे. तू फाटकापर्यंत माझ्या मागे यायचीस."

"मग खेळला का नाहीत?"

मिस आयसीने सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, नियम, डॉक्टरबाईंचं बोलणं. काही झाकलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे कळलं?"

"तुझ्यामुळेही."

"मला विचारायला हवं होतं."

"तुझ्या आईला विचारलं होतं."

"आईला," टशोया म्हणाली. ती बाळाकडे बघत राहिली. मग चटईवर खाली येऊन बसली. "बरं, दाखवा. पण सावकाश. मला यातलं काही येत नाही."

मिस आयसीने पिशवीत हात घातला आणि पहिलं खेळणं बाळाच्या नाही, तिच्या हातात ठेवलं.