चाळीस वस्त्या, एक विहीर

माणिकराव उटनूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती. कचेरीतली माणसं बदलली, पण जंगलात औषध न्यायचं ते पायीच. पंचेचाळिशीतच त्यांचे गुडघे धरायला लागले होते.

त्या उन्हाळ्यात आदिलाबादहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना विचारलं, "यंदा पैसा एकाच कामापुरता आहे. दरख्वास्ती दोन. तुम्ही दोन्हीकडे फिरलात. कुठं खर्च करू?"

एक दरख्वास्त जंगलातल्या चाळीस वस्त्यांची. तिथं पोरांच्या अंगावर फोड येत, चिघळत, हाडापर्यंत जात. पेनिसिलिनची एक सुई पुरे होई. औषध परदेशातून फुकट आलं होतं. खर्च फक्त ते पोचवण्याचा. दुसरी दरख्वास्त इचोड्याकडच्या एका गावाची. तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत आणि तेच पाणी पिऊन नारू होई; वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा हातभर किडा निघे. कठड्याची नवी विहीर हवी होती. ते गाव माणिकरावांचं. दरख्वास्तही त्यांनीच लिहिलेली.

माणिकरावांनी दोन्ही कागद पुढ्यात ओढून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "सुया द्या, साहेब."

आठवड्यानं थोरला भाऊ धोंडीबा बैलगाडीतून आला. त्याच्या घोट्यातून नारू निघत होता, काडीला गुंडाळलेला. पेरणी तोंडावर आलेली.

"माणिका, आपल्या गावाचं नाव तूच मागं टाकलं म्हणतेत. खरं हाय?"

"हो, दादा."

"काऊन?"

"तेवढ्याच पैशात तिकडं हजारभर पोरं बरी होतेत. आपली घरं साठ."

"त्या साठात मी हाय, हे ध्यानात होतं?"

"होतं."

धोंडीबा पाणीसुद्धा न पिता गाडीत जाऊन बसला.

दोन हिवाळे माणिकराव सुया घेऊन हिंडले. फोड वाळले. एका वस्तीत, आदल्या खेपेला आईच्या कडेवरून न उतरणारी पोरगी कोंबड्यांमागं पळताना दिसली. ते बघून त्यांना बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

विहिरीची दरख्वास्त दरसाल मागं पडत गेली. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्रात गेलं. डॉक्टरसाहेब औरंगाबादला गेले. नव्या कचेरीत कारकून म्हणाला, जुने कागद इथं नाहीत, पुन्हा लिहा, तेलुगूत. माणिकरावांनी शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलं. तेही हरवलं. त्यांनी पुन्हा लिहून घेतलं.

एकोणसाठ साली विहीर झाली. तोवर धोंडीबाचा पाय घोट्यात कायमचा आखडला होता. माणिकराव गावी गेले, तेव्हा वहिनीनं, प्रयागबाईनं, भाकरी वाढली. धोंडीबा ओसरीवर होता.

"जंगलातली पोरं बरी झाली?" त्यानं विचारलं.

"झाली."

"सगळी?"

"बहुतेक."

धोंडीबानं मान हलवली. "मंग मी काय बोलू," तो म्हणाला, आणि भावाला बसायला जागा व्हावी म्हणून आखडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.